पायांसाठी आयसोमेट्रिक व्यायाम

सांधा न हलवता स्नायू आवळून धरायचा आणि त्यातून ताकद कमवायची, या पद्धतीला आयसोमेट्रिक व्यायाम म्हणतात. पायांसाठीचा परिचित प्रकार म्हणजे वॉल सिट: भिंतीला पाठ टेकून, गुडघे वाकवून अधांतरी बसून राहणे. यात मांडीच्या पुढच्या स्नायूंवर जोर येतो. टाचा उचलून चवड्यांवर थांबल्यास पोटऱ्या, तर उताणे पडून कंबर उचलून धरल्यास नितंब आणि मांडीची मागची बाजू कामाला लागते.

हेटिंगर आणि म्युलर या जर्मन संशोधकांनी 1953 मध्ये मांडलेल्या निष्कर्षांमुळे ही पद्धत गाजली. कमाल ताकदीच्या दोन-तृतीयांश जोराने दिवसातून एकदा, फक्त 6 सेकंद ताण दिला तरी आठवड्याला सुमारे 5 टक्के ताकद वाढते, असे त्यांचे म्हणणे होते. पुढच्या अभ्यासांत वाढ दिसली, पण इतकी झपाट्याची नाही.

खरी मेख कोनात आहे. ज्या कोनात सांधा धरून ठेवला, मुख्यतः त्याच्या आसपासच ताकद वाढते. गुडघा जेमतेम वाकवून केलेला वॉल सिट खोल बैठकीतून उठताना फारसा उपयोगी पडत नाही. स्नायू लांबलेल्या अवस्थेत, म्हणजे गुडघा जास्त वाकवून ताण दिला, तर फायदा अधिक कोनांपर्यंत पोहोचतो आणि स्नायूही जास्त भरतो. म्हणून दोन-तीन वेगवेगळ्या कोनांत थांबावे. नुसती वेळ वाढवत नेणे ही सर्रास होणारी चूक आहे. दोन-तीन मिनिटे सहज थांबता येऊ लागले की पुढे वाढतो तो मुख्यतः दमसास. ताकद हवी असेल तर एका पायावर भार घ्यावा, वजन धरावे किंवा न हलणाऱ्या पट्ट्याविरुद्ध पूर्ण जोर लावावा.

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर मांडीचा स्नायू लवकर रोडावतो आणि सांधा वाकवणेही दुखते. अशा वेळी गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबत मांडी आवळणे, काही सेकंदांनी सैल सोडणे, हा व्यायाम पलंगावरही करता येतो. गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेच्या (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट दोरीच्या) जुनाट दुखण्यातही सुमारे 45 सेकंदांचे जोरदार ताण वापरतात. काहींना त्याने लगेच आराम पडतो, सर्वांना नाही.

ताण चालू असताना रक्तदाब बराच चढतो, श्वास रोखला तर आणखीच. त्यामुळे श्वास मोकळा सोडत राहणे अत्यावश्यक आहे. हृदयविकार किंवा अनियंत्रित रक्तदाब असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी. काही आठवडे नियमित केल्यास मात्र विश्रांतीच्या वेळचा रक्तदाब उतरतो. त्यासाठी अभ्यासांत सहसा 2 मिनिटांचे 4 वॉल सिट, मध्ये थोडी विश्रांती, आठवड्यातून तीनदा असा क्रम वापरतात.