टर्मिनलमधील रंग

टर्मिनलच्या (आज्ञा टंकून संगणक चालवण्याच्या खिडकीच्या) पडद्यावर अक्षराचा रंग आणि त्यामागच्या पार्श्वभूमीचा रंग बदलण्याची पद्धत. टर्मिनलचा पडदा ओळी आणि स्तंभांच्या घरांचा बनलेला असतो. प्रोग्रॅम त्या घरांत थेट रंग भरत नाही. तो मजकुराच्या ओघातच एक संकेत पाठवतो आणि त्यापुढचे प्रत्येक अक्षर, दुसरा संकेत येईपर्यंत, त्याच रंगात उमटते. या पद्धतीतले बहुतेक घोटाळे या एका गोष्टीतून निघतात.

संकेताची सुरुवात एस्केप या अदृश्य वर्णाने होते (आस्की या वर्णांच्या क्रमांक-यादीत २७, अष्टमान पद्धतीत ०३३). त्यानंतर डावा चौकोनी कंस, मग अर्धविरामांनी वेगळे केलेले आकडे आणि शेवटी रोमन लिपीतला लहान एम. आकडेही रोमन लिपीतलेच लागतात. देवनागरी अंक टंकल्यास संकेत ओळखला जात नाही. ही रचना १९७६ च्या एक्मा-४८ आणि १९७९ च्या अ‍ॅन्सी एक्स३.६४ या मानकांतून रूढ झाली. डेक कंपनीच्या १९७८ च्या व्हीटी१०० टर्मिनलवर ठळक, अधोरेखित, लुकलुकते आणि उलट्या रंगाचे अक्षर जमत असे, पण रंग मात्र नव्हते.

अक्षराच्या रंगांचे आकडे ३० ते ३७ : काळा, लाल, हिरवा, पिवळा, निळा, किरमिजी, आकाशी, पांढरा. हा क्रम बेरजेचा आहे : लाल १, हिरवा २, निळा ४, म्हणून लाल अधिक हिरवा म्हणजे ३, पिवळा. पार्श्वभूमीसाठी यातच १० मिळवून ४० ते ४७. उजळ छटांना ९० ते ९७ आणि १०० ते १०७. ३९ व ४९ हे आकडे अनुक्रमे अक्षर व पार्श्वभूमी मूळ रंगावर आणतात. ० सगळेच पूर्ववत करतो. निळ्यावर ठळक पांढरे अक्षर हवे असेल तर १ (ठळक), ३७, ४४ असा संकेत द्यावा. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमधील कलर या आज्ञेत मात्र निळा १ आणि लाल ४ असतो, कारण तो क्रम जुन्या आयबीएम पीसीच्या रंगव्यवस्थेतून आला. तिथे पहिला अंक पार्श्वभूमीचा, दुसरा अक्षराचा. दोन्ही सारखे दिले तर आज्ञा रंग बदलतच नाही.

२५६ रंगांसाठी अक्षराला ३८, ५ आणि पुढे रंगक्रमांक, तर पार्श्वभूमीला ४८, ५ आणि क्रमांक. यात पहिले १६ नेहमीचे, १६ ते २३१ हे ६ × ६ × ६ चे रंगघन आणि २३२ ते २५५ करड्या छटा. घनातला क्रमांक काढायला लालची पायरी ३६ ने व हिरव्याची ६ ने गुणावी, निळ्याची तशीच घ्यावी आणि बेरजेत १६ मिळवावे (पायऱ्या ० ते ५). ५ ऐवजी २ लिहून लाल, हिरवा, निळा यांची ० ते २५५ मूल्ये दिली तर सुमारे १ कोटी ६८ लाख रंग मिळतात. मात्र ते प्रत्येक टर्मिनलला जमत नाहीत.

पहिल्या १६ क्रमांकांना ठरलेला रंग नसतो. ‘निळा’ म्हणजे नेमका कोणता, ते टर्मिनलची रंगपेटी ठरवते. म्हणूनच काळ्यावर गडद निळे अक्षर कुठे वाचता येते, तर कुठे अजिबात नाही : लाल ०, हिरवा ०, निळा १२८ अशा निळ्याचे काळ्याशी तफावत-गुणोत्तर (दोन रंगांच्या उजळपणातला फरक दाखवणारा आकडा) जेमतेम १.३ भरते, आणि वेबच्या सुगम्यता-निकषात साध्या मजकुरासाठी किमान ४.५ मागितले आहे. पांढरे अक्षर ठरवून पार्श्वभूमी सोडून देणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक. वाचणाऱ्याचे टर्मिनल पांढरे असेल तर मजकूर गायब होतो. एकतर दोन्ही रंग ठरवावेत, नाहीतर दोन्हीकडे मूळ रंगच ठेवावा.

शेवटचा ० विसरला तर पुढचा प्रॉम्प्टही (आज्ञा टंकण्याच्या जागेआधीची खूण) रंगीत राहतो. रीसेट ही आज्ञा तो निस्तरते. पार्श्वभूमी चालू असताना नवी ओळ दिली आणि पडदा वर सरकला, तर अनेक टर्मिनलांत रंगाचा पट्टा उजव्या कडेपर्यंत पसरतो. त्यामुळे ० हा ओळ संपण्याआधी लिहावा. बॅश या, टंकलेल्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या प्रॉम्प्टमध्ये संकेताभोवती, उलटी तिरकी रेघ जोडलेले चौकोनी कंस लागतात. ते नसतील तर बॅश अदृश्य वर्णही लांबीत मोजतो, आणि लांब आज्ञा टंकताना ती पुढच्या ओळीवर न जाता आधीच्याच ओळीवर चढते.

प्रोग्रॅमचे फलित (आउटपुट) फाईलमध्ये किंवा दुसऱ्या आज्ञेकडे वळवले तर संकेत कचऱ्यासारखे मधेच दिसतात. चांगला प्रोग्रॅम समोर खरेच टर्मिनल आहे का ते तपासतो आणि नो-कलर हा पर्यावरण-चल (प्रोग्रॅमांना बाहेरून मिळणारी, नाव दिलेली सूचना) भरलेला असेल तर रंग टाळतो. आकडे हाताने लिहिण्यापेक्षा टीपुट ही आज्ञा बरी. टर्मिनलच्या प्रकाराप्रमाणे योग्य संकेत ती स्वतः काढते.

देवनागरी मजकुरात आणखी एक अडचण येते. ग्रेप या मजकूर शोधणाऱ्या आज्ञेने ‘क’ शोधून रंगवला आणि शब्दात ‘की’ असेल, तर संकेत व्यंजन आणि वेलांटीच्या मध्ये घुसतो. वेलांटी सुटी पडू शकते किंवा ठिपक्यांच्या वर्तुळावर बसलेली दिसते. शोधताना पूर्ण अक्षर, म्हणजे ‘की’च, दिले की हे टळते.