रक्तात दिसलं म्हणजे रक्तातून आलं नव्हे

धाकट्या काकांना कंपवात, म्हणजे पार्किन्सन, झाल्यापासून आमच्या घरच्या ग्रुपवर दर आठवड्याला एक बातमी येऊन पडते. गेल्या रविवारची होती: 'पार्किन्सनच्या रुग्णांच्या पांढऱ्या पेशींत जनुकांचा फरक'. मी पोह्यांवर शेव भुरभुरत होते, तेवढ्यात भाच्याचा फोन. "मावशी, म्हणजे हे आपल्या रक्तातच आहे? अपने को भी होगा क्या?"

तीस वर्षं झूलॉजी शिकवली, तरी या प्रश्नानं पाठ सोडलेली नाही. 'जनुकांचा फरक' असं मोघम ठोकून दिलं की जनुकीय जोखीम आणि जनुकाची अभिव्यक्ती, म्हणजे जीन एक्स्प्रेशन, यांचा गोपाळकाला होतो.

जोखमीचं तुम्हाला ठाऊकच आहे. डीएनएतली अक्षरं आईवडिलांकडून येतात आणि जन्मभर तीच राहतात. थुंकीतून तपासा नाहीतर रक्तातून. मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवर झालेल्या 2019च्या एका प्रचंड अभ्यासात पार्किन्सनशी जोडलेले असे 90 फरक निघाले. त्यातले बहुतेक एकेकटे जोखीम जेमतेम हलवतात. एलआरआरके2 आणि जीबीए1 या जनुकांतले काही बदल जास्त वजनाचे. पण तेही असून म्हातारपणापर्यंत ठणठणीत राहणारे पुष्कळ आहेत.

घोळ होतो तो अभिव्यक्तीपाशी. एखाद्या पेशीनं, त्या घडीला, एखाद्या जनुकावरून किती आरएनए, म्हणजे त्या जनुकाची कामापुरती नक्कल, काढला, ती अभिव्यक्ती. इंदूरकरांना हे नळावरून सांगावं. भिंतीतली लाइन घर बांधताना पडली, ती झाली डीएनए. जलूदहून चढून आलेलं नर्मदेचं पाणी आज सकाळी बादलीत किती पडलं, ती अभिव्यक्ती. आमच्याकडे मोरीत धो धो पाणी येतं आणि स्वयंपाकघरात करंगळीएवढी धार. मोनोसाइट आणि टी-पेशी या दोन तऱ्हांच्या पांढऱ्या पेशींचंही तसंच: डीएनए एकच (टी-पेशींच्या रिसेप्टरची जनुकं सोडून, हे मास्तरकीच्या खोडीमुळे सांगितलं), पण कुठलं जनुक किती चालतं ते दोघींत निराळं.

आता बादली अर्धीच भरली, तर लगेच भिंत फोडायची का? शेजाऱ्यानं मोटर लावली असेल. वरची टाकी गळत असेल. रुग्णाच्या रक्तातली अभिव्यक्ती निरोग्यांपेक्षा वेगळी निघाली, तर तिच्यामागे आजार स्वतः असू शकतो, रोजच्या गोळ्या असू शकतात, आठवड्यापूर्वीचा ताप असू शकतो. शिवाय सरसकट रक्त घेतलं, तर पेशींचं प्रमाणच बदललेलं असू शकतं. पार्किन्सनमध्ये पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल जरा जास्त आणि लिम्फोसाइट कमी आढळतात. मग न्यूट्रोफिलमध्ये जास्त चालणारी जनुकं 'वाढलेली' दिसणारच. प्रत्यक्षात एकाही पेशीनं काही वेगळं केलेलं नसतं. म्हणून पेशी वेगवेगळ्या करून न मोजलेल्या निष्कर्षांवर मी फारशी भिस्त ठेवत नाही.

खरा फरक काळाचा. जन्मजात अक्षरं आजाराच्या आधीची. आजार मागे जाऊन ती बदलू शकत नाही. अभिव्यक्ती आजाराआधीची असेल किंवा नंतरची, आणि एका दिवशीच्या नमुन्यावरून ते ओळखता येत नाही. 'जीन अ‍ॅक्टिव्ह झाला म्हणजे डीएनए बदलला' हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं, ते यासाठी.

दोन्ही गोष्टी भेटतात त्या व्हॉल्व्हपाशी. त्या 90 फरकांपैकी बहुतेक, प्रथिनाची कृती लिहिलेल्या भागाबाहेर आहेत. म्हणजे पाइप शाबूत, पण व्हॉल्व्ह जन्मापासूनच अर्धा फेरा इकडेतिकडे. आणि तो फेरा प्रत्येक नळाला जाणवतोच असं नाही. 2014 साली निरोगी माणसांच्या मोनोसाइट आणि टी-पेशी वेगळ्या करून तपासल्या, तेव्हा पार्किन्सन आणि अल्झायमरच्या जोखमीच्या फरकांचा परिणाम मोनोसाइटमध्ये उठून दिसला. मला हा अभ्यास आवडतो तो 'निरोगी' या शब्दासाठी: आजार नाही, गोळ्या नाहीत, त्यामुळे बोट अक्षरांकडेच जातं.

एलआरआरके2मध्ये तर दोन्ही तऱ्हा सापडतात. जी2019एस या बदलात प्रथिनाचं 2019वं अमिनो आम्ल ग्लायसीनऐवजी सेरीन होतं आणि ते प्रथिन जादा जोरानं काम करतं. हा पाइपातला बदल. त्याच जनुकाजवळचा दुसरा, बराच सर्रास आढळणारा फरक मेंदूतल्या मायक्रोग्लिया या रोगप्रतिकारक पेशींत त्याची पातळी हलवतो, हा व्हॉल्व्हचा.

भाच्याला एवढं सगळं सांगितलं. त्यानं विचारलं, "मग काकाआजोबांच्या रक्तात दिसेल ते?"

"ते त्यांचं आजचं पाणी. त्यावरून तुझी लाइन कळत नाही."

त्यानं ग्रुपवर तसं लिहिलं, चार अंगठे आले. संध्याकाळी त्याखालीच आत्यानं 'डीएनए शुद्ध करणारा काढा' पाठवला.