ड्रंक अँड ड्राइव्हमध्ये पकडले गेल्यावर: जामीन, कोर्ट आणि लायसन्स परत मिळवणे

नाकाबंदीत मशीनमध्ये फुंकायला लावलं, आकडा ३० च्या वर गेला आणि गाडी बाजूला घ्यायला सांगितली. इथून पुढे प्रकरण दोन ठिकाणी चालतं, एक कोर्टात आणि दुसरं आरटीओत. कोर्टात दंड भरला की सुटलो असं धरून लोक घरी जातात आणि पुढे आरटीओत अडकतात. हे होऊ नये म्हणून ही माहिती. अपघात होऊन कुणी जखमी झालं किंवा दगावलं असेल तर मात्र भारतीय न्याय संहितेची कलमं लागतात आणि त्यातली काही अजामीनपात्र आहेत. तसं असेल तर हे वाचत बसू नका, आधी वकील गाठा.

कलम मोटार वाहन कायद्याचं १८५. १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असलं की गुन्हा, मग गाडी स्कूटर असो की ट्रक. पहिल्या वेळी १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. दुसऱ्या वेळी १५,००० रुपये किंवा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. हा गुन्हा तडजोडीचा नाही, त्यामुळे तो जागेवर पैसे भरून मिटत नाही, ई-चलानच्या ॲपवर भरता येत नाही आणि लोकअदालतीतही निघत नाही. "इथेच मिटवून टाकू" म्हणणाऱ्या कुणाच्याही हातात पैसे ठेवू नका.

पोलीस ठाण्यात

प्रत्येकाला अटक होतेच असं नाही, अनेकदा नोटीस देऊन सोडतात. अटक झाली तर कारण सांगणं आणि घरच्यांना कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. वकिलाला भेटायचा हक्कही आहे. मशीनमधून निघालेली पावती मागून घ्या आणि लगेच तिचा फोटो काढा. हा थर्मल कागद असतो, खिशात घामाने भिजला की महिन्याभरात आकडा, वेळ सगळं पुसट होतं. पुढे वकील तीच मागतो आणि हातात कोरा कागद उरतो.

सगळ्यात चुकीचा समजला जाणारा नियम दोन तासांचा. कलम २०२ प्रमाणे अटकेपासून दोन तासांत डॉक्टरी तपासणी व्हायला हवी, नाहीतर पोलिसांना कोठडीतून सोडावं लागतं. एवढंच. दोन तास उलटले म्हणजे केस पडली, असा याचा अर्थ नाही, आणि ते गाडी अडवल्यापासून नव्हे तर अटकेपासून मोजतात. हे कुठेतरी अर्धवट ऐकून लोक मुद्दाम वेळ काढतात, तपासणीला नकार देतात. सबळ कारण नसताना दिलेला नकार कलम २०५ खाली तुमच्याच विरुद्ध पुराव्यात जातो. बाईचं रक्त पुरुष डॉक्टर घेणार असेल तर तिथे दुसरी स्त्री हजर हवी. आणि रक्ताचा नमुना "बघून घेतो" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरच्या अपघातानंतर नमुना बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांनाही अटक झाली होती. दंडाची केस आहे, ती आपल्या हाताने मोठी करू नका.

जामीन आणि गाडी

गुन्हा जामीनपात्र आहे, म्हणजे जामीन हा हक्क आहे, मेहेरबानी नाही. जामीनदाराचं आधार, पत्त्याचा पुरावा आणि फोटो लागतात. घोडं अडतं ते ऐपतीच्या दाखल्यावर. तो तहसील कार्यालयातून मिळतो, आणि रात्री बाराला तो कुणाच्याही घरात नसतो. परगावाहून आलेल्या रिक्षावाल्याला, डिलिव्हरीच्या पोराला तर जामीनदारच मिळत नाही. अशा वेळी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (अटक-जामिनाची रीत ठरवणारा कायदा) कलम ४७८ चा आधार घ्या. माणूस गरीब असेल आणि जामीनदार देऊ शकत नसेल तर स्वतःच्या बंधपत्रावर, म्हणजे हजर राहण्याच्या लेखी हमीवर, सोडण्याची सोय तिथे आहे. हे ठाण्यात आपणहून कुणी सांगत नाही, नम्रपणे पण स्पष्ट विचारावं लागतं. वकील नसेल तर १५१०० वर फोन करा. कोठडीतल्या माणसाला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

गाडी सोडवायला आरसी, विमा, पीयूसी आणि न प्यायलेला, लायसन्स असलेला चालक लागतो. आरसी अजून जुन्या मालकाच्या नावावर असेल तर हेलपाटे ठरलेलेच.

कोर्ट

तारीख चुकवू नका. पुकारा झाला आणि तुम्ही नसलात तर वॉरंट निघतं, आणि जामिनावर असताना गैरहजर राहणं हा वेगळा गुन्हा आहे. गुन्हा कबूल केला की प्रकरण झटपट संपतं हे खरं, पण ती रीतसर दोषसिद्धी असते आणि पुढची केस "दुसरी" म्हणून मोजली जाते. कबुलीआधी एकदा वकिलाशी बोला.

आरटीओ

खरी अडचण इथे आहे. पोलीस लायसन्स जप्त करतात आणि पोच देतात. इतर काही कारणांनी कागद जप्त झाले तर पोचपावतीवर गाडी चालवता येते, म्हणून इथेही चालेल असं लोक समजतात. चालत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ ला झालेल्या दुरुस्तीनंतर कलम २०६(४) मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की या पोचेवर लायसन्स परत मिळेपर्यंत गाडी चालवता येणार नाही. पुढे आरटीओकडून अपात्रतेचा, म्हणजे काही काळ गाडी चालवायला बंदी घालणारा, आदेश निघाल्यावर चालवताना सापडलात तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० दंड किंवा दोन्ही. डिजीलॉकरमधलं लायसन्स दाखवूनही उपयोग नाही, अपात्रतेची नोंद ऑनलाइन असते.

आरटीओ आधी कारणे दाखवा नोटीस काढतं, आणि ती जाते लायसन्सवरच्या पत्त्यावर. माणूस राहतो हिंजवडीत आणि नोटीस पडून राहते लातूरच्या घरी. सुनावणी हुकते, आदेश एकतर्फी होतो. म्हणून नोटिशीची वाट न बघता आठवड्याभरात आरटीओत जा, सध्याचा पत्ता व मोबाइल लेखी द्या आणि त्या अर्जावर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. सुनावणीत लेखी खुलासा द्या. पोटापाण्यासाठीच गाडी चालवत असाल तर परमिट, बॅज यांच्या प्रती जोडा.

पहिल्या गुन्ह्याला तीन महिने अपात्रता, दुसऱ्याला लायसन्स रद्द. हे तीन महिने पकडल्याच्या रात्रीपासून मनाने मोजू नका, आदेशातली तारीख बघा. आदेश मान्य नसेल तर तो हातात पडल्यापासून ३० दिवसांत अपील करता येतं. मुदत संपली म्हणून लायसन्स आपोआप परत येत नाही, चालकांसाठीचं उजळणी प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं. कोणत्या संस्थेचं प्रमाणपत्र चालेल हे आरटीओतच विचारा, एजंटाकडून नको.

पासपोर्ट काढायचा असेल किंवा परदेशी जायचं असेल तर लक्षात ठेवा, पासपोर्ट अडतो तो मुख्यतः प्रलंबित फौजदारी खटल्याने, आणि तेव्हा कोर्टाची परवानगी आणावी लागते. केस संपली की निकालाची सही-शिक्क्याची नक्कल त्याच आठवड्यात मागवा, दोन जादा प्रती काढा आणि दंडाची पावती तिलाच जोडून ठेवा.