चौकशीची नोटीस आली आणि त्या दिवशी जाणं शक्य नाही: अर्ज, कागद आणि पोच

‘चौकशीला आला नाहीत तर कोर्टाचा अवमान होईल,’ असं कुणी फोनवर दरडावलं की लोक एकतर समोर येईल त्या कागदावर सही करतात, नाहीतर फोन बंद करून बसतात. नुकसान दोन्हींत आहे.

पोलिसांच्या नोटिशीला न जाणं हा न्यायालयाचा अवमान नव्हे. 1971 च्या कायद्यानुसार न्यायालयाचा आदेश जाणूनबुजून मोडला तर अवमान होतो. पण म्हणून घरी बसू नका. लोकसेवकाच्या कायदेशीर हुकमाप्रमाणे हजर न राहणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 208 खाली वेगळा गुन्हा आहे: एक महिन्यापर्यंत साधी कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

सगळा घोळ होतो तो नोटिशीवरचं कलम न वाचल्यामुळे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं 179 लिहिलं असेल तर तुम्हाला साक्षीदार म्हणून बोलावलंय. तेव्हा स्त्रिया, 15 वर्षांखालची मुलं, साठी ओलांडलेले पुरुष, दिव्यांग आणि गंभीर आजारी माणसं यांना राहत्या घराबाहेर बोलावता येत नाही. जबाब घ्यायला पोलिसांनीच घरी यायचं. तरीही सत्तरीतली माणसं ठाण्याच्या बाकावर तासन्‌तास बसलेली दिसतात, कारण हे त्यांना कुणी सांगतच नाही. 35(3) लिहिलं असेल तर संशय तुमच्यावर आहे, आणि 179 मधली ही सवलत तिथे गृहीत धरू नका. सांगितल्याप्रमाणे हजर राहिलात तर त्या गुन्ह्यात अटक करायला अधिकाऱ्याला कारणं लेखी नोंदवावी लागतात. न सांगता गैरहजर राहिलात तर हे संरक्षण गेलं.

मुदतवाढीचा किंवा घरी जबाब घेण्याचा अर्ज साध्या कागदावर चालतो. तपास अधिकाऱ्याच्या नावे लिहा. गुन्हा क्रमांक, नोटिशीची तारीख, अडचण आणि तुम्हाला जमेल ती नेमकी तारीख त्यात हवी. ‘नंतर येतो’ असं मोघम लिहिलं की ते टाळाटाळीत धरलं जातं. सोबत नोटिशीची झेरॉक्स, ओळखपत्र आणि वयाचा पुरावा किंवा डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा.

आणि पोच! हा कागद जवळजवळ कुणाकडेच नसतो. ‘साहेबांना फोनवर सांगितलं होतं’ याला पुढे काडीची किंमत राहत नाही. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घ्या. ठाणे अंमलदार टाळत असेल तर वाद घालू नका. त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. हे सगळं हजर राहायच्या तारखेआधी व्हायला हवं.

पोलिसांनी कलम 180 खाली लिहून घेतलेल्या जबाबावर सही करायची नसते. 181 तसंच सांगतं. ज्या उत्तराने तुम्ही स्वतःच गुन्ह्यात अडकाल ते न देण्याचा हक्कही आहे, आणि तो वापरणं म्हणजे असहकार नव्हे.

नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर आली असेल तर जास्त सावध राहा. 35 ची नोटीस अशी बजावता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये स्पष्ट केलंय. मेसेजमधला नंबर न वापरता ठाण्याचा नंबर स्वतः शोधून खात्री करा. व्हिडिओ कॉलवर ‘डिजिटल अटक’ सांगून कुणी पैसे मागितले तर कॉल तोडा आणि लगेच 1930 वर तक्रार करा.