जुन्या फोटोतले इंजिन आणि स्टेशन ओळखताना : मुंबई–पुणे मार्गावरच्या खुणांमागचा इतिहास

‘पहिली रेल्वे, 16 एप्रिल 1853’ अशा ओळीसह फिरणाऱ्या चित्रांत अनेकदा गाडी खाडीवरच्या लांब, कमानींच्या पुलावर दिसते. पूल पाहिला की ओळ चुकीची असल्याचे कळते. साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिने जोडलेली ती गाडी बोरीबंदरहून निघाली आणि 34 किलोमीटरवर ठाण्यात थांबली. ठाण्याची खाडी ओलांडून कल्याणपर्यंतचा मार्ग 1 मे 1854 रोजी सुरू झाला, म्हणजे पुलावरची गाडी त्यानंतरचीच. फोटोचे साल ठरवण्याची रीत हीच आहे: एकेक खूण घ्यायची, ती कधी अस्तित्वात आली आणि कधी गेली ते पाहायचे, आणि दोन्ही बाजूंनी साल आवळत न्यायचे.

या कामाला बोरघाटाइतका उपयोगी टापू दुसरा नाही. ग्रेट इंडियन पेनिन्सुला म्हणजे जीआयपी रेल्वेने 1863 मध्ये घाट खुला केला तेव्हा चढ दर 37 फुटांना 1 फूट होता. डोंगराचा उतार एका दमात चढण्याजोगा नसल्याने खंडाळ्याजवळ उलट-स्टेशन ठेवले होते. खालून आलेली गाडी तिथे कड्याच्या टोकाशी थांबे, इंजिन दुसऱ्या टोकाला लागे आणि गाडी उलट्या दिशेने वर जाई. विजेसाठी मार्ग बदलला तेव्हा, 1929 मध्ये, हे स्टेशन बंद झाले. त्यामुळे इंग्रजी व्ही अक्षरासारखे मिळणारे रूळ फोटोत दिसले, तर फोटो 1863 ते 1929 मधला. याच घाटातला माउकी मल्लीचा दगडी पूल 1867 मध्ये कोसळला आणि तिथे नवे बांधकाम झाले, म्हणून पुलाचे नुसते नाव पुरत नाही. मूळ कमानी आहेत की नंतरचे काम, हे पाहावेच लागते.

विजेच्या तारा ही दुसरी पक्की खूण. व्हीटी (आताचे सीएसएमटी) ते कुर्ला 3 फेब्रुवारी 1925 रोजी, तर पुण्यापर्यंत 1929 अखेर तारा पोचल्या. मात्र तारांखाली वाफेचे इंजिन दिसले म्हणून फोटो बनावट ठरत नाही, कारण शंटिंगला (स्टेशनात डबे हलवायला) आणि विजेच्या मार्गाबाहेरून आलेल्या गाड्यांना ती इंजिने पुढेही होती. डेक्कन क्वीनचे उलट आहे. ती 1930 मध्ये विजेच्या मार्गासाठीच सुरू झाली, म्हणून तिच्या नावाखाली धुराचे लोट दाखवणाऱ्या फोटोवर आधी संशय घ्यावा.

आता इंजिन. आधी चाके मोजावीत: पुढची लहान, जोडदांड्याने बांधलेली मोठी, मागची लहान. ही मोजणी दोन्ही बाजू धरून लिहितात. एका बाजूला 2, 3 आणि 1 दिसली तर 4-6-2. 1, 4 आणि 1 दिसली तर 2-8-2. चुका नेहमी मागच्या टोकाला होतात. मागचे लहान चाक फायरबॉक्सखाली (भट्टीखाली) सावलीत हरवते, नाहीतर टेंडरचे (इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या गाड्याचे) पहिले चाक इंजिनात धरले जाते. 1947 मध्ये अमेरिकेच्या बाल्डविन कारखान्यातून आलेले डब्ल्यूपी जातीचे इंजिन 4-6-2 आहे. त्याचे तोंड बंदुकीच्या गोळीसारखे निमुळते असते आणि त्यावर बहुधा तारा रंगवलेला असतो. मालगाडीचे डब्ल्यूजी सपाट तोंडाचे, 2-8-2. ते 1950 पासून रुळांवर आले आणि त्यातले शेवटचे, ‘अंतिम सितारा’, चित्तरंजनहून 1970 मध्ये बाहेर पडले. नावातले पहिले अक्षर गेज, म्हणजे रुळांमधले अंतर, सांगते: ‘डब्ल्यू’ म्हणजे रुंद ब्रॉडगेज, ‘वाय’ म्हणजे एक मीटरचे मीटरगेज आणि ‘झेड’ म्हणजे अडीच फुटी.

टेंडरवरची अक्षरे आणि बफरच्या (इंजिनाच्या टोकाला धक्का झेलणाऱ्या दांड्यांच्या) आडव्या पाटीवरचा क्रमांक वाचता आला तर काम बरेच हलके होते. सरकारने 1925 मध्ये जीआयपी ताब्यात घेतली तरी नाव तेच राहिले. मध्य रेल्वे 5 नोव्हेंबर 1951 रोजी झाली. पण रंगकाम एका रात्रीत होत नसते, म्हणून जुनी अक्षरे 1951 नंतरही काही काळ दिसणे शक्य आहे. पुढे 1957 च्या सुमारास देशभरासाठी एकच क्रमांकमालिका आली. त्यामुळे एकाच इंजिनाचे दोन क्रमांक असू शकतात आणि दोन फोटो दोन इंजिनांचे समजले जातात. कारखान्याची पितळी पाटी वाचली तर तीवरचे साल इंजिनाचे असते, फोटोचे नव्हे. पाटीवर नॉर्थ ब्रिटिश कंपनीचे नाव असेल तर इंजिन 1903 नंतरचे, कारण ती कंपनी त्या वर्षी तीन कारखाने एकत्र होऊन निघाली.

स्टेशनात पाटीचे स्पेलिंग आधी पाहावे. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी लिखाणात ठाण्याचे ‘टन्ना’, कल्याणचे ‘कॅलियन’ आणि इगतपुरीचे ‘इगुतपूरा’ आढळते. समुद्रसपाटीपासूनची उंची फुटांत लिहिली असेल तर पाटी मेट्रिक मापांपूर्वीची, पण रंगवलेली पाटी वर्षानुवर्षे तशीच राहते. पुण्यात रुळांमधले अंतर पाहावे. मिरजेकडचा मार्ग मीटरगेज असल्याने 1970 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत तिथे दोन्ही गेज होते. पुण्याच्या फलाटाला वायपी किंवा वायजी हे मीटरगेजचे इंजिन लागलेले असेल, तर तो त्या काळातला फोटो.

मूळ प्रिंट 1200 डीपीआयने स्कॅन करावी, कडा कापू नयेत आणि मागची बाजूही घ्यावी. छापील पानावरून घेतलेला फोटो कितीही मोठा केला तरी ठिपकेच मोठे होतात, क्रमांक उमटत नाही. निगेटिव्ह उलटी छापली गेली का हे अक्षरांवरून कळते. अक्षरे नसतील तर दुहेरी मार्गावर गाडी कोणत्या बाजूने धावते ते पाहावे. आपल्याकडे ती डावीकडून धावते. नोंद करताना ‘1929 नंतर, 1951 च्या आसपासपर्यंत, तारा आणि टेंडरवरची जीआयपी अक्षरे यांवरून’ असे कारणासह लिहावे. जुनी ओळ चुकीची वाटली तरी खोडू नये, शेजारी वेगळी ठेवावी. तीत एखाद्या गावाचे नाव बरोबर असू शकते.