रॉड धुणं वेगळं, सीटॅब बदलणं वेगळं

सोन्याच्या नॅनोरॉडनी (काडीसारख्या अतिसूक्ष्म कणांनी) पेशी मरताहेत म्हटलं की सल्ला ठरलेला: आणखी दोन स्पिन मार, म्हणजे सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून धू. जणू धुणं आणि पेग (पॉलिएथिलीन ग्लायकॉल) या पॉलिमरचा लेप ही एकाच कामाची कमी-जास्त मात्रा आहे.

धुण्याचा हिशोब सोपा आहे. रॉड ज्यात वाढवतात त्या द्रावणात सीटॅब, म्हणजे रॉडवर थर धरणारा साबणासारखा पदार्थ, ०.१ मोलर. दर स्पिनला ९५ टक्के द्रव काढून तेवढंच पाणी घातलं की तो विसाव्या भागावर येतो: ५ मिलिमोलर, ०.२५ मिलिमोलर, मग १२.५ मायक्रोमोलर. (४ अंशांवर फिरवू नका. गारव्याने सीटॅबचे स्फटिक पडतात आणि पेलेटबरोबर (खाली बसलेल्या रॉडच्या गोळ्याबरोबर) तळाशी बसतात.)

हा हिशोब फक्त सुट्या सीटॅबचा झाला. रॉडवर त्याचा दुहेरी थर असतो, आणि तो सोन्याला पक्का जोडलेला नसतो. भोवतीचं पाणी स्वच्छ केलं की थरातले रेणू सुटून पाण्यात उतरतात. म्हणून सोमवारी धुतलेली ट्यूब बुधवारी तितकी स्वच्छ राहत नाही, आणि मायक्रोमोलर मात्राही बऱ्याच पेशींना सोसत नाही. जास्तच धुतलं तर थर विरळ होतो, रॉड एकमेकांना चिकटतात, पेलेट हलवूनही सुटत नाही, स्पेक्ट्रममधलं लांब बाजूचं शिखर पसरून खाली बसतं.

लेप देताना रॉडवरचा सीटॅबच हटवायचा असतो. आधी दोन स्पिन, कारण सुटा सीटॅब भरपूर असेल तर पेग टोकांवरच बसतो, बाजू तशाच राहतात. मग टोकाला थायॉल (गंधकाचा गट) असलेला, ५००० डाल्टन रेणुभाराचा पेग भरपूर घालून रात्रभर ढवळा. गंधक सोन्याला घट्ट धरतो. त्यानंतरचे स्पिन हमखास टाळले जातात, आणि हटवलेला सगळा सीटॅब त्याच ट्यूबमध्ये राहतो. ही चूक अक्षम्य आहे.

दोष कुणाचा, रॉडचा की सुट्या सीटॅबचा, हे सुपरनॅटंट (फिरवल्यावर वर उरणारा द्रव) सांगतो. रॉड ३७ अंशांवर २४ तास ठेवा, फिरवा, आणि वरचा द्रव रॉडइतक्याच आकारमानात, तितकेच तास पेशींना द्या. त्यानेही तितक्याच पेशी मेल्या तर मारेकरी सुटा सीटॅब आहे. कॅथरीन मर्फी यांच्या गटाने २००९ मध्ये मानवी आतड्याच्या एचटी-२९ पेशींवर हेच दाखवलं. या कंट्रोलशिवाय 'रॉड विषारी' हे वाक्य लिहूच नये.

एमटीटीत (जिवंत पेशी रंगावरून मोजणाऱ्या चाचणीत) रॉडचा स्वतःचा रंग वजा करा. मात्र पेगवाले रॉड पेशीत कमी शिरतात. तेव्हा दर पेशीमागे सोनं किती गेलं ते आयसीपी-एमएसवर (धातूचं सूक्ष्म प्रमाण मोजणाऱ्या यंत्रावर) मोजा, आणि मगच सीटॅबवाल्या आणि पेगवाल्या रॉडची तुलना करा.