पाळी गेल्यावर दिसणारा रक्ताचा डाग

"चार वर्षं झाली होती पाळी जाऊन, आता परत आली बघ." साठीकडे झुकलेल्या बायका एकमेकींना हे सांगतात तेव्हा त्यात थोडं समाधानही असतं, की अंगात अजून ताकद आहे. कुणी म्हणतं उष्णता झाली, सब्जाचं पाणी घे. कुणी म्हणतं लग्नघरात दगदग झाली, चार दिवस पडून राहा. डाग थांबतो, विषय संपतो. सहा महिन्यांनी पुन्हा दिसतो, तोही अंगावर काढला जातो.

सलग बारा महिने पाळी आली नाही की ती कायमची गेली असं वैद्यकशास्त्र धरतं. त्यानंतर अंगावरून लाल, गुलाबी किंवा तपकिरी काहीही गेलं, तर ते पाळीचं समजायचं नाही. मग तो एकच डाग असो, न दुखता आलेला असो, आपोआप थांबलेला असो. त्याचं कारण शोधायचं.

हे इतकं ठासून सांगण्यामागे आकडे आहेत. अशा रक्तस्रावावर जगभर झालेल्या १२९ अभ्यासांचा एकत्र हिशेब २०१८ साली प्रसिद्ध झाला. पाळी गेल्यानंतर रक्त गेलेल्या शंभर बायकांपैकी साधारण नऊ जणींना गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग निघतो, असं त्यात दिसलं. म्हणजे एक्याण्णव जणींना तो नसतो. कुणाचं अस्तर पातळ आणि कोरडं झालेलं असतं, कुणाला साधी गाठ किंवा मोड असतो, कुणाला हार्मोनच्या गोळ्यांमुळे रक्त गेलेलं असतं. पण तोच हिशेब उलट्या बाजूने पाहा: हा कर्करोग झालेल्या पाळी गेलेल्या बायकांपैकी नव्वद टक्क्यांना रक्तस्राव झालेला होता. इतक्या लवकर आणि इतक्या स्पष्टपणे हाक मारणारे कर्करोग फार थोडे आहेत. स्वादुपिंडाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग बहुतेकदा पसरेपर्यंत कळत नाही. हा बहुतेक वेळा गर्भाशयातच असताना कळतो, आणि तेव्हा उपचार झाले तर शंभरातल्या नव्वदहून अधिक जणी पाच वर्षांनंतरही जिवंत असतात.

मग प्रश्न असा, की अंडाशयाचं काम थांबल्यावर अस्तर वाढतंच कशाच्या जोरावर? मला या सगळ्या विषयात हाच भाग सर्वांत सुंदर वाटतो, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

आधी पाळीच्या वर्षांत काय होतं ते पाहू. महिन्याच्या पहिल्या अर्ध्यात अंडाशय एस्ट्रोजेन नावाचा हार्मोन सोडतं आणि अस्तराच्या पेशी भराभर वाढतात. बीज बाहेर पडलं की प्रोजेस्टेरॉन हा दुसरा हार्मोन येतो; ते वाढ थांबवतं आणि अस्तराला पक्वता देतं. कपाशीला नुसता युरिया आणि पाणी देत राहिलं तर झाड माजतं, बोंडं धरत नाही. एस्ट्रोजेन एकटं असलं की अस्तराची गत तशीच होते. गर्भ राहिला नाही तर प्रोजेस्टेरॉन एकदम उतरतं, अस्तरातल्या मळसूत्री रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि वरचा थर गळून पडतो. ही वाहिन्यांची हालचाल १९४० साली मार्की नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञाने डोळ्यांनी पाहिली, आणि तीही अक्षरशः डोळ्यात. त्याने माकडिणीच्या अस्तराचा कण तिच्याच डोळ्याच्या पुढच्या पोकळीत रुजवला. बुबुळाच्या पारदर्शक पडद्यातून त्या कणाची पाळी दर महिन्याला दिसायची: वाहिन्या आवळायच्या, कण पांढुरका पडायचा, मग बारीक रक्तबिंदू फुटायचे.

पाळी गेल्यावर बीज बाहेर पडणं थांबतं, म्हणून प्रोजेस्टेरॉन संपतं. एस्ट्रोजेन मात्र पूर्ण संपत नाही. मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथी अँड्रोस्टेनडायोन नावाचा हार्मोन बनवतच राहतात. तो पुरुषी हार्मोनांच्या कुळातला, रक्तातून फिरत चरबीच्या पेशींपाशी येतो. तिथे अॅरोमॅटेज नावाचं विकर (एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन) त्याची वाटच पाहत असतं.

आता या विकराची करामत. शरीरातले सगळे स्टेरॉइड हार्मोन कोलेस्टेरॉलपासून बनतात. कोलेस्टेरॉलमध्ये कार्बनचे २७ अणू. ते कातरत कातरत २१ वर आणले जातात, तिथे प्रोजेस्टेरॉनचं कुटुंब. मग १९ वर, तिथे अँड्रोस्टेनडायोन आणि टेस्टोस्टेरॉन. अॅरोमॅटेज त्यातला आणखी एकच कार्बन काढतं, एकोणिसाव्या क्रमांकाचा. पण ते त्याला ओढून तोडत नाही. हवेतून आलेल्या ऑक्सिजनचा एक रेणू वापरून त्या कार्बनला एक ऑक्सिजन जोडतं, मग तीच क्रिया दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या फेरीत तो कार्बन फॉर्मिक आम्लाच्या रूपात सुटून जातो आणि रेणूच्या पहिल्या कड्यातले इलेक्ट्रॉन नव्याने मांडले जाऊन ते कडं बेंझिनसारखं सपाट आणि स्थिर होतं. अशा कड्याला रसायनशास्त्रात अॅरोमॅटिक म्हणतात, विकराचं नाव त्यावरूनच पडलं. उरलेला १८ कार्बनचा रेणू म्हणजे एस्ट्रोन, एस्ट्रोजेनचाच एक प्रकार. एक कार्बन गेला, एक कडं बदललं, आणि पुरुषी कुळातला रेणू बायकी झाला!

हे रूपांतर किती होतं ते चरबीवर ठरतं. १९७० च्या दशकात सिटेरी आणि मॅकडोनाल्ड यांनी किरणोत्सारी खूण केलेला अँड्रोस्टेनडायोन टोचून त्याचा माग काढला. वजन जितकं जास्त, तितका त्याचा मोठा हिस्सा एस्ट्रोन होतो, असं त्यांना दिसलं. लठ्ठपणात आणि मधुमेहात दुसरीही एक गोष्ट घडते. रक्तात इन्सुलिन वाढलं की यकृत हार्मोनांना बांधून ठेवणारं प्रथिन कमी बनवतं, त्यामुळे मोकळं एस्ट्रोजेन वाढतं. थोडक्यात, अशा बाईच्या गर्भाशयावर वर्षानुवर्षं थोडं थोडं एस्ट्रोजेन पडत राहतं आणि त्याला आवर घालणारं प्रोजेस्टेरॉन कधीच येत नाही.

सूक्ष्मदर्शकाखाली याचा परिणाम नीट दिसतो. निरोगी अस्तरात नळीसारख्या ग्रंथी एकमेकींपासून अंतर राखून असतात, मधे भरपूर आधारपेशी असतात. एस्ट्रोजेनच्या एकट्या राज्यात ग्रंथी वाढत जातात, वेड्यावाकड्या होतात, एकमेकींना चिकटू लागतात आणि मधली जागा संपत जाते. या वाढलेल्या अस्तराला आधार कमी, रक्तवाहिन्या नाजूक. त्यामुळे त्याचे तुकडे कधीही, कुठूनही निखळतात. बाईला जो डाग दिसतो तो हा. पेशींची ठेवण नीट असेपर्यंत धोका कमी असतो, वीस वर्षांत शंभरातल्या पाचांहूनही कमी जणींना कर्करोग होतो. पेशींची केंद्रकं मोठी, गडद आणि विस्कळीत दिसू लागली की हा धोका झपाट्याने वाढतो.

हे सारं निव्वळ तर्काने मांडलेलं नाही. अमेरिकेत साठ आणि सत्तरच्या दशकांत पाळी गेलेल्या बायकांना 'तारुण्य टिकवण्यासाठी' नुसतं एस्ट्रोजेन सर्रास दिलं जाई. डिसेंबर १९७५ मध्ये एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन अभ्यास आले. या गोळ्या घेणाऱ्यांना अस्तराचा कर्करोग कित्येक पट जास्त होतो, असं दोन्हींत दिसलं. गोळ्यांचा खप उतरला, पाठोपाठ कर्करोगाचे आकडेही उतरले. तेव्हापासून गर्भाशय असलेल्या बाईला एस्ट्रोजेन द्यायचं तर सोबत प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं औषध देतात. चिरतारुण्याच्या नावाने आजही जाहिराती होतात. अशी गोळी, चूर्ण किंवा मलम घेण्याआधी त्यात काय आहे हे विचारायचा प्रत्येक बाईला हक्क आहे.

स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या बायकांनी एक लक्षात ठेवावं. हे औषध स्तनात एस्ट्रोजेनची वाट अडवतं, पण गर्भाशयाच्या अस्तरावर स्वतःच एस्ट्रोजेनसारखं वागतं. ते मनाने बंद करू नये, पण पाळी गेल्यावर डाग दिसला तर लगेच डॉक्टरांना सांगावं.

तपासणीत भीती बाळगण्यासारखं काही नाही. आधी योनीमार्ग आणि गर्भाशयाचं तोंड डोळ्यांनी पाहतात. मग योनीमार्गातून सोनोग्राफी करून अस्तराची जाडी मोजतात. ती ४ मिलीमीटर किंवा कमी असली तर अस्तराचा कर्करोग नसण्याची खात्री ९९ टक्क्यांच्या वर असते. जास्त असली तर जेमतेम ३ मिलीमीटर जाडीची प्लास्टिकची नळी आत घालून अस्तराचा तुकडा घेतात. बऱ्याचदा हे बाह्यरुग्ण विभागातच होतं, पोटात कळ येते आणि जाते. कधी दुर्बिणीने पाहून क्युरेटिंग, म्हणजे अस्तर खरवडून काढणं, करावं लागतं. अस्तर पातळ दिसूनही रक्त पुन्हा पुन्हा जात असेल तर तुकडा तपासायचा आग्रह धरावा, कारण या कर्करोगाचे काही प्रकार जाडी न वाढवताच येतात. आणि 'माझी पॅप टेस्ट नॉर्मल होती' म्हणून निश्चिंत राहू नये. ती चाचणी गर्भाशयाच्या तोंडासाठी आहे, आतल्या अस्तरासाठी नाही.

गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग मात्र आपल्याकडे विसरून चालणारच नाही. भारतात दरवर्षी त्याचे सव्वा लाखाच्या आसपास नवे रुग्ण होतात. संबंधानंतर रक्त जाणं आणि दुर्गंधीचं पाणी जाणं ही त्याची लक्षणं. यावरचं जगात नावाजलेलं एक काम आपल्याच मातीत, बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाच्या मदतीने उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात झालं. ५२ गटांतल्या १ लाख ३१ हजार बायकांवर झालेल्या त्या अभ्यासाचा निष्कर्ष २००९ साली आला: आयुष्यात एकदाच एचपीव्ही (हा कर्करोग घडवणारा विषाणू) शोधणारी चाचणी झाली, तरी या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात.

आपल्याकडे दोन टोकं आहेत आणि मला दोन्हींचा संताप येतो. एका टोकाला विटाळ. साठीच्या बाईला डाग दिसला की घर तिला देवघरापासून लांब ठेवतं, दवाखान्यात मात्र नेत नाही. लाजेपायी ती स्वतःच कापड लपवून धुते आणि वर्ष निघून जातं. दुसऱ्या टोकाला पिशवी काढण्याचा धंदा. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची २०१९ साली सरकारी समितीने पाहणी केली, तेव्हा ८२ हजारांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. कित्येक चाळिशीच्याही आतल्या. 'पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल' एवढ्या वाक्यावर शस्त्रक्रिया झाल्या. तुकड्याचा अहवाल न पाहता पिशवी काढायला सांगणाऱ्या डॉक्टरांकडे आधी तो अहवाल मागावा. कर्करोग निघाला तर गर्भाशय काढणं हाच मुख्य उपचार आहे, पण तो कर्करोग निघाल्यावर.

दवाखान्यात जाताना शेवटची पाळी कधी आली होती, डाग कधी आणि किती वेळा दिसला, रक्त पातळ करणारी, हार्मोनची किंवा टॅमॉक्सिफेनची गोळी चालू आहे का, आणि घरात कुणाला गर्भाशयाचा किंवा मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला होता का, हे लिहून न्यावं. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण लिंच नावाच्या एका आनुवंशिक दोषात हे दोन्ही कर्करोग एकाच घरात फिरतात. रक्त लघवीतून किंवा शौचाच्या वाटेने येतंय का, हेही पाहावं. पुष्कळदा बाईला ते वेगळं ओळखता येत नाही. पिशवी आधीच काढलेली असली तरी रक्त दिसल्यावर तपासणी हवीच. कधी कधी शस्त्रक्रियेत गर्भाशयाचं तोंड तसंच ठेवलेलं असतं, आणि बाईला ते कुणी सांगितलेलं नसतं.